बेल्जियन मॅलिनॉइसचे पिल्लू एकत्र कुटुंबात कसे वाढवावे? (सोलापूर)

प्रश्न: जुळे सोलापूरहून

सर्वांना नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात बैठ्या घरात राहतो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले आहेत. गेल्या महिन्यात पुण्याकडच्या एका ब्रीडरकडून आम्ही बेल्जियन मॅलिनॉइस जातीचे मादी पिल्लू आणले. तिचे नाव तारा असून ती आता अकरा आठवड्यांची आहे. ही जात मुळात मेंढ्या राखणारी आहे, आज ती सुरक्षा दलांत काम करते आणि तिला रिकामे बसवत नाही, एवढे वाचन आम्ही आधी केले होते. मात्र रोजच्या दिवसात नेमके काय करावे याविषयी जो भेटेल तो वेगळेच सांगतो, म्हणून येथे विचारत आहे.

मुले अंगणात धावू लागली की तारा त्यांच्या पोटऱ्या आणि कपडे दातांत पकडते, आणि धाकटी किंचाळली की तिला आणखी चेव येतो. संध्याकाळी सातनंतर तर ती आवरतच नाही. ती दमावी म्हणून मिस्टर तिला दोन्ही वेळा लांबवर चालवतात, चेंडूमागे पळवतात, पण दमण्याऐवजी ती दिवसेंदिवस अधिकच चपळ होत चालली आहे. रस्त्याने दुचाकी गेली की ती झेप घेते ते वेगळेच. आमच्या भागातील एका प्रशिक्षकांनी सांगितले की ही जात धाकाशिवाय ऐकत नाही, तेव्हा आत्तापासून काट्यांचा पट्टा घाला आणि रात्री गच्चीवर साखळीने बांधा. सासऱ्यांना ते पटले आहे, मला पटलेले नाही. त्यात उन्हाळा तोंडावर आला आहे.

आम्हाला तिच्याकडून पोलिसी काम करून घ्यायचे नाही. तिने मुलांबरोबर सुरक्षित राहावे आणि पाहुणे आल्यावर शांत बसावे, एवढीच इच्छा आहे. या जातीकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर: विजापूर रोडहून, निवृत्त श्वान हस्तक

ताई, अपेक्षा रास्त आहे; मात्र ती दमवून पुरी होणार नाही, शांत बसायला शिकवूनच होईल. माझ्या नोकरीचा बराच काळ श्वानपथकात गेला आणि तेथे जे रोज पाहिले त्यावरूनच लिहितो.

केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि राष्ट्रीय सुरक्षा दल यांच्याकडे ही जात आहे. राखीव पोलीस दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र बेंगळुरूजवळ तरळू येथे आहे. या दलांच्या चित्रफिती पाहून अलीकडे अनेकांना मॅलिनॉइसची हौस वाटू लागली आहे. चित्रफितीत दिसते ती भिंतीवरची उडी. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या अशा, की त्या कुत्र्यासाठी एक पूर्णवेळ माणूस नेमलेला असतो, काम थोड्या वेळाचे आणि ठरलेले असते, आणि उरलेला बराचसा दिवस कुत्रे आपल्या जागेवर निवांत पडून असते. ही विश्रांती त्याच्या दिनक्रमाचाच भाग असते. घरी आणलेल्या पिल्लाच्या वाट्याला नेमकी तीच येत नाही, कारण घरात सतत कोणीतरी त्याच्याशी खेळत असते किंवा त्याला ओरडत असते.

या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी सोळा ते अठरा तास झोप लागते. तारा संध्याकाळी जे करते ते बहुतेक जागरणाने किरकिरलेल्या मुलाचे वागणे आहे, तिच्यातली शक्ती शिल्लक राहिल्याचे लक्षण नव्हे. तिला आणखी पळवले तर शरीर कमावले जाईल आणि उद्या तेवढ्याच धावण्याने ती दमणार नाही. मिस्टरांना येणारा अनुभव हाच आहे. म्हणून सुमारे तासभर जाग आणि त्यानंतर दीड-दोन तास सक्तीची विश्रांती, असे चक्र दिवसभर ठेवावे. विश्रांतीसाठी घरातील कमी वर्दळीच्या कोपऱ्यात पिंजरा ठेवून त्याच्या तीन बाजू जुन्या चादरीने झाकाव्यात, आणि सातची वेळ येण्यापूर्वी एक झोप हमखास झालेली असावी.

जागेपणीच्या तासात पायांपेक्षा नाकाला काम द्यावे. तिच्या रोजच्या खाण्यातील निम्मा भाग ताटलीत न वाढता गवतावर पसरून तिला हुंगत वेचू द्यावा. काही दाणे गोणपाटाच्या घडीत लपवावेत. पुढे एका खोलीत डबी लपवून ती शोधायला लावावी. दहा मिनिटे मन लावून हुंगलेले पिल्लू जितके स्थिरावते तितके अर्धा तास चेंडूमागे धावलेले स्थिरावत नाही. चेंडू पुनःपुन्हा फेकण्याचा खेळ तर सध्या बंदच करावा, कारण हलणारी वस्तू दिसली की झेप घ्यायची हीच सवय त्यातून पक्की होते, आणि दुचाकीच्या बाबतीत तुम्हाला तीच मोडायची आहे.

सर्वांत महत्त्वाचा धडा सतरंजीचा. एक लहान सतरंजी घ्यावी, ती अंथरून आपण शेजारी गप्प बसावे. तारा स्वतःहून तिच्यावर आली की एक दाणा द्यावा, बसली की आणखी एक, अंग टाकून पडली की दोन पंजांच्या मध्ये सावकाश तीन-चार ठेवावेत. हुकूम देऊ नये आणि उत्साहाने कौतुकही करू नये. काही दिवसांत सतरंजी अंथरली की ती आपणहून पडू लागेल. मग तीच सतरंजी स्वयंपाकघराच्या दाराशी, पुढे अंगणात, पाहुणे आले की दिवाणखान्यात न्यावी. लोक बस-ऊठ शिकवण्यात महिने घालवतात आणि हा धडा गाळतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

चावण्याची ओढ तिच्या रक्तातच आहे. ती दाबायची नसते, तिला रीतसर वाट करून द्यायची असते. आपल्या सोलापुरी टॉवेलचा घट्ट पीळ करून त्याला दोन गाठी माराव्यात आणि रस्सीखेच खेळावी. नियम दोनच: आपण म्हटल्यावर धरायचे आणि ‘सोड’ म्हटल्यावर सोडायचे. सुटत नसेल तर ओढू नये. टॉवेल आपल्या मांडीशी स्थिर धरला की खेळातील जीव जातो आणि पिल्लू आपोआप सोडते. सोडल्याबरोबर बक्षीस म्हणून पुन्हा खेळ सुरू करावा. दात हाताला लागले की खेळ तेथेच संपवावा, रागावू नये.

काट्यांच्या पट्ट्याविषयी स्पष्टच सांगतो, अकरा आठवड्यांच्या पिल्लाला तो घालायला सांगणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नये. ही जात विलक्षण संवेदनशील आणि वेगवान आहे. मूल समोर असताना मानेला वेदना झाली तर त्या वेदनेचा संबंध ती मुलाशी जोडू शकते, आणि वेदनेने उसळलेले कुत्रे जवळ जे असेल त्याला दात लावते. गच्चीवर साखळीने बांधणे हेही तितकेच वाईट. तेथून खाली जे जे हलते ते पाहत राहून ती भुंकायला शिकेल आणि घरातील माणसांत वागायला शिकणार नाही.

दुचाकींसाठी रस्त्यापासून इतक्या अंतरावर बसावे की गाडी तिला दिसेल, पण खाऊ दिला तर ती खाईल. खाऊ नाकारला तर अंतर कमी पडले असे समजावे. गाडी दिसली की ‘शाब्बास’ म्हणून दाणा, गाडी गेली की दाणा बंद. अंतर कमी करण्याची घाई करू नये.

उत्तर: मंगळवेढा तालुक्यातून

माझे मत वेगळे आहे आणि ते मांडले पाहिजे असे वाटते. आमच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कारवान कुत्री आहेत. तीही कामाचीच जात. ससा दिसला की हाकेला ओ देत नाही. पण ती डोळ्याने शिकार करणारी असल्यामुळे पळापळ संपली की वस्तीवर निवांत पडून राहते. याच रक्ताच्या मुधोळ कुत्र्यांची जोडी मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्ज यांना भेट दिली होती आणि आज ही जात सैन्यातही घेतली जात आहे. आपल्या हवेत तगणारी, आपल्या भाकरीवर वाढलेली जात सोडून युरोपातील मेंढ्यांची कुत्री सोलापूरच्या उन्हात शहरातील घरात आणण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला समजत नाही. घरात पाच वर्षांचे मूल आहे. ब्रीडर परत घेत असेल तर पिल्लू लहान आहे तोवरच परत करावे, किंवा शेत असलेल्या एखाद्या घरी द्यावे.

उत्तर: होटगी रोडहून, पशुवैद्यक

मंगळवेढ्याच्या दादांचा उन्हाचा मुद्दा खरा आहे, त्याकडे नंतर येतो. परंतु शेत असले म्हणजे या जातीचा प्रश्न सुटतो, हे माझ्या अनुभवात बसत नाही. शेतावर खुंटीला बांधलेली किंवा दिवसभर एकटी मोकाट सोडलेली मॅलिनॉइस घरातील मॅलिनॉइसपेक्षा अधिक बिघडते, कारण तिला जागा नको असते, माणसाबरोबरचे काम हवे असते. दुसरे म्हणजे मोकळे रान हे खरे तर रिकामे नसते. नान्नज परिसरातील माळरानावर काळवीट, लांडगे, खोकड आहेत आणि तेथे माळढोक अभयारण्य आहे. अशा रानात कुत्रे सोडणे हा वन्यजीवांचा छळ तर आहेच, शिवाय कायद्याने गुन्हाही ठरू शकतो. कारवान असो की मॅलिनॉइस, हे दोघांनाही लागू आहे.

आता तातडीचे. पिल्लाचे मन नव्या गोष्टी भीतीविना स्वीकारते तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. म्हणजे ताराच्या हातात थोडेच दिवस उरले आहेत. त्याच वेळी तिचे लसीकरण पूर्ण झालेले नाही. डिस्टेंपर, पार्वो आदी जीवघेण्या रोगांची एकत्रित लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या सुमारास पडेल अशी द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे त्याआधी लसीचा परिणाम रोखू शकतात. रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावी आणि घरात मुले असताना ती एक दिवसही लांबवू नये. पार्वोचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, म्हणून भटकी कुत्री जेथे घाण करतात अशा मोकळ्या जागांवर तिला अजून उतरवू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन किंवा उभ्या मोटारीत बसवून तिला भाजी मंडईची कड, रेल्वे स्थानकाबाहेरची गर्दी, शाळा सुटतानाचा गोंगाट, रिक्षा, बैलगाडी, बुरखा, हेल्मेट, काठी टेकत चालणारी माणसे असे सारे लांबून, खाऊ देत दाखवा. कोणी हात लावलाच पाहिजे असे नाही. पाहून शांत राहणे पुरेसे आहे.

व्यायामाबाबत वरचे उत्तर योग्य आहे, त्यात हाडांची बाजू जोडतो. या आकाराच्या कुत्र्यांच्या हाडांची वाढ होणारी टोके पूर्ण जुळायला बारा ते अठरा महिने लागू शकतात. तोवर डांबरी रस्त्यावर धावणे, दुचाकीमागे पळवणे आणि उंच उड्या नकोत. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले होते, की तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा विकार अधिक, तर मऊ जमिनीवर मोकळेपणी हिंडणाऱ्यांत तो कमी होता. गच्ची नको म्हणण्याचे हे आणखी एक कारण. कॅल्शियमचे टॉनिक औषधाच्या दुकानातून आणून देऊ नका. पिल्लांचा चांगला खुराक चालू असताना वरून दिलेले कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते.

आहारात ज्वारीची भाकरी थोडी चालेल, पण दूध-भाकरीवर ही जात वाढत नाही, तिला प्रथिने लागतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट पूर्ण वर्ज्य. शेंगाच्या चटणीचा हात पुसलेला तुकडा आजोबा प्रेमाने देतात असे माझ्याकडे वारंवार ऐकायला मिळते. त्यात लसूण असतो. वर सुचवलेला टॉवेलचा पीळ छान आहे, मात्र खेळ संपला की तो उचलून ठेवा. सुटलेले धागे गिळून आतड्याला पीळ बसलेली पिल्ले मी शस्त्रक्रियेला घेतलेली आहेत.

उन्हाविषयी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. कुत्र्याला घाम जवळपास पंजांनाच येतो. शरीर थंड ठेवण्यासाठी त्याला धापा टाकण्यावरच अवलंबून राहावे लागते. साधे कुत्रे उकाड्यात आपण होऊन सावलीत बसते, पण कामाची ओढ असलेली मॅलिनॉइस खेळ चालू आहे तोवर थांबत नाही आणि कोसळते तेव्हाच मालकाला कळते. म्हणून थांबण्याचा निर्णय नेहमी तुमचा असावा. बाहेर जाणे सूर्य वर येण्यापूर्वी, आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर काही क्षण टेकवून पाहावी, आपल्याला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, हिरड्या गडद लाल होणे, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१च्या पुढे गेले तर प्राणावर बेतते. अशा वेळी सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोटाकडे साधे थंड पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. याच मोसमात गोचिडांचा ताप वाढतो, त्यामुळे कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात.

जाता जाता एक. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी असावी लागते. तुमच्याकडील कागदपत्रे आणि आई-वडिलांच्या स्वभावाची माहिती त्यांच्याकडून पुन्हा मागून घ्या. आई कामाच्या वंशावळीतील असेल तर पुढे किती ओढ येणार याचा अंदाज बांधता येतो.

उत्तर: अशोक चौकातून

आमच्याकडे जर्मन शेफर्ड आहे, मॅलिनॉइस नाही, त्यामुळे मी फक्त घरातील माणसांविषयी लिहिते. कुत्र्यापेक्षा माणसांना शिकवणे अवघड गेले, हे मात्र आधीच सांगते.

आमच्या घरी सासूबाई तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, मुले मराठी आणि इंग्रजी. एक जण ‘रा’ म्हणायचा, दुसरा ‘बा’, तिसरा ‘ये’, आणि न आल्याबद्दल ओरडा मात्र कुत्र्याला बसायचा. शेवटी सहा शब्द ठरवून फळ्यावर लिहून फ्रिजशेजारी लावले. तुम्हीही सासऱ्यांकडूनच ते शब्द निवडून घ्या. ज्येष्ठांनी स्वतः ठरवलेला नियम ते मोडत नाहीत आणि इतरांनाही मोडू देत नाहीत.

मुलांना ‘स्टॅच्यू’चा खेळ ठाऊक असतोच. तारा अंगावर आली की हात छातीशी घेऊन स्टॅच्यू व्हायचे, किंचाळायचे नाही, पळायचे नाही. हलणेच थांबले की तिला पकडण्यासारखे काही उरत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीकडून हे दर वेळी होईल असे धरून चालू नये. म्हणून मुले धावत असतील तेव्हा तारा जाळीच्या दाराआड किंवा मोठ्या माणसाच्या हातातील दोरीला असावी, आणि कोणी मोठे माणूस समोर नसताना मुले व ती एकत्र कधीच नसावीत. ती जेवताना, झोपलेली असताना आणि पिंजऱ्यात असताना मुलांनी तिच्याजवळ जायचे नाही. उलट, खाऊ लपवण्याचे काम मुलांकडे द्यावे. आमच्या मुलाला ते इतके आवडले की कुत्र्याशी दंगा करायचे त्याचे वेडच गेले.

जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील दारूकाम आणि दिवाळी यांची तयारी आत्तापासून करा. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्या वेळी तिला जेवण द्यायचे, आणि आठवड्यागणिक आवाज थोडा वाढवायचा. ऐन जानेवारीत सुरुवात केली तर उशीर होतो.

प्रश्नकर्ती, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. पिल्लू परत द्यायचे नाही असे आमचे ठरले आहे, तरी मंगळवेढ्याच्या दादांचा इशारा आम्ही गंभीरपणे घेतला आहे. एक शंका राहिली. सासरे पिंजऱ्याला कैद म्हणतात आणि ती आत रडली की दार उघडून देतात. शिवाय पुढे प्रशिक्षक निवडायचा झाल्यास तो चांगला आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: विजापूर रोडहून, निवृत्त श्वान हस्तक

रडल्यावर दार उघडले तर रडण्याने दार उघडते हेच ती शिकेल. पण रडत ठेवून कोंडणेही मला मान्य नाही. पहिले काही दिवस दार लावूच नका. तिचे प्रत्येक जेवण आत द्या, चघळायचे खेळणे आतल्या जाळीला बांधून ठेवा, ती आपणहून आत झोपू लागली की दार क्षणभर लोटा आणि ती गप्प असतानाच उघडा. रात्री पिंजरा तुमच्या खोलीत ठेवा, लघवीसाठी उठली तर मुकाट्याने बाहेर नेऊन परत आणा. सासऱ्यांना दार उघडण्याऐवजी दुपारच्या विश्रांतीची वेळ सांभाळण्याची जबाबदारी द्या. ते शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले तर तारा बहुधा निमूट झोपेल, आणि त्यांचा पिंजऱ्यावरचा आक्षेपही कमी होईल.

प्रशिक्षक निवडताना तारा न्यायची नाही, आधी आपण एकट्याने जाऊन त्यांचे काम पाहायचे. त्यांच्या हाताखालची कुत्री शेपटी सैल ठेवून त्यांच्याकडे धावत येतात की अंग चोरतात, ते पाहा. कुत्रे चुकले तर तुम्ही काय करता, असे विचारा. उत्तरात पट्ट्याचा झटका, उपाशी ठेवणे किंवा उताणे पाडून दाबून धरणे आले तर परत फिरा. कुत्रे महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो, असे म्हणणाऱ्यालाही नकार द्या, कारण शिकायचे आहे ते तुमच्या घरातील सहा माणसांसमोर. आणि कोणी हौसेने हाताला चावण्याची जाड बाही बांधून माणसावर धावून जायला शिकवतो म्हणाले तर, पाहुण्यांसमोर सतरंजीवर पडून राहणारी कुत्री हवी असलेल्या घरात त्या शिकवणीला जागा नाही, असे सांगावे.

पाचव्या-सहाव्या महिन्यात दात बदलून होतात तेव्हा चावणे बरेच निवळेल. त्यानंतर वयात येताना ऐकलेले न ऐकल्यासारखे करण्याचा काळ येतो. तेव्हा नवे काही शिकवू नका, लांब दोरी वापरा आणि सतरंजीचा धडा पहिल्या पायरीपासून पुन्हा घ्या.